बुटाची जीभ, चपलेचे कान



पायदळ या शब्दातच पाय आहे, हे आपण सहसा विसरतो. घोडदळाची गती घोडा ठरवतो, चिलखती दलाची गती रणगाडा ठरवतो. पायदळाची गती पाय ठरवतो, आणि पायाची गती बूट. इतिहासाच्या पुस्तकांत तलवारी येतात, तोफा येतात, सेनापतींची भांडणं येतात. बूट आलेच तर एका वाक्यात येतात, आणि तेही बहुधा सैन्य हरल्यावर. 1962 बद्दल बोलताना आपण सगळे म्हणतो, की नेफाच्या थंडीत कित्येक जवानांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. एवढं म्हणतो आणि पुढे जातो.

आज तिथेच थांबायचं आहे. बुटाचा इतिहास मी एका वेगळ्या वाटेनं सांगणार आहे: त्याच्या भागांच्या नावांवरून. वस्तूच्या प्रत्येक भागाला नाव असलं, की ती तपासता येते, दुरुस्त करता येते आणि कोणाच्या हातची आहे तेही सांगता येतं. नाव नसलं, की यातलं काहीच जमत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे. बाकी सगळे त्याचे दाखले.

आधी बूट उघडून पाहू. लष्करात परेडसाठी वापरतात तो चामडी तळाचा जुना ड्रिल बूट घ्या. त्याचे दोन मुख्य हिस्से: वरचा तो ‘अपर’ आणि खालचा तो ‘बॉटम’. अपरमध्ये पुढे बोटांवर असते ती ‘टो-कॅप’, जी चमकवण्यात प्रत्येक रंगरुटाच्या रात्री जातात. तिच्या मागे पावलाच्या पाठीवर बसतो तो ‘व्हँप’. दोन्ही बाजूंनी घोट्याला कवेत घेतात ते ‘क्वार्टर’. बंदांच्या खाली असते ती ‘टंग’, म्हणजे जीभ. टाचेमागे दोन चामड्यांच्या मध्ये एक कडक तुकडा लपवलेला असतो, तो ‘काउंटर’. टाच बुटात डुगडुगत नाही ती याच्यामुळे.

आता खाली या. पाय टेकतो तो ‘इनसोल’, जमिनीला लागतो तो ‘आउटसोल’. बुटाच्या कडेनं फिरणारी चामड्याची अरुंद पट्टी म्हणजे ‘वेल्ट’. टाच आणि चवडा यांच्या मधला पोकळ भाग तोलून धरायला आत एक पट्टी असते, लाकडाची किंवा पोलादाची, तिचं नाव ‘शँक’. टाच अखंड नसते, ती चामड्याच्या थरांवर थर रचून केलेली असते. तिच्या खाली ठोकतात ती नाल. घोड्याला नाल आणि शिपायालाही नाल. आपल्या भाषेनं दोघांत भेद केलेला नाही.

आणि बुटात कधीच नसलेला, पण बुटाला जन्म देणारा एक भाग म्हणजे ‘लास्ट’. आपल्याकडे त्याला फर्मा म्हणतात. पावलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर चामडं ताणून बसवायचं, शिवायचं, सुकू द्यायचं आणि शेवटी फर्मा काढून घ्यायचा. छापखान्यातही फर्मा असतो. दोन्हीकडे अर्थ एकच: आकार देणारा.

या इंग्रजी शब्दांच्या मुळाशी गेलं की गंमत कळते. ‘लास्ट’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ पाऊलखूण. ‘व्हँप’ आला जुन्या फ्रेंचमधून, अर्थ पावलाचा पुढचा भाग. तो भाग फाटला की नवा लावायचे, त्याला ‘रीव्हँप’ म्हणायचे. आज एखादी कंपनी वेबसाइट ‘रीव्हँप’ करते तेव्हा ती मोच्याचा शब्द वापरत असते. नवे जोडे करणाऱ्याला इंग्रजीत ‘कॉर्डवेनर’ म्हणत, तो शब्द स्पेनमधल्या कोर्डोबा शहरावरून आला, कारण तिथलं चामडं नावाजलेलं होतं. फक्त जुने जोडे सांधणारा तो ‘कॉबलर’. दोन कामं, दोन नावं, आणि दोघांच्या हद्दीही वेगळ्या.

आता सैन्याकडे येऊ. 19 व्या शतकाच्या मध्यापर्यंत सैनिकांना मिळणारे जोडे बहुतेक सरळ फर्म्यावर केलेले असत. डावा-उजवा असा फरकच नसे. दोन्ही एकसारखे, पाय घालून घालून ज्याचा त्याचा आकार तयार व्हायचा. तोवर पायाला फोड यायचे. पंजाबी जुतीत आजही परंपरेनं डावा-उजवा भेद नसतो, पण तिचं चामडं मऊ आणि चाल घरगुती. पाठीवर ओझं घेऊन दिवसाला तीसेक किलोमीटर चालणाऱ्या माणसाला हा सरळपणा महागात पडतो.

वेगळे फर्मे का नव्हते? कारण प्रत्येक फर्मा हातानं कोरावा लागे. डावा-उजवा केला की कोरण्याचं काम दुप्पट. ही अडचण सुटली ती बंदुकीमुळे. थॉमस ब्लँचार्ड या अमेरिकी कारागिरानं 1819 च्या सुमारास एक लेथ तयार केला. एका नमुन्यावरून वेड्यावाकड्या आकाराची हुबेहूब नक्कल लाकडात उतरवणारं हे यंत्र. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात त्यावर बंदुकीचे दस्ते होऊ लागले. मग लक्षात आलं, की दस्ता निघतो तसा फर्माही निघेल. ज्या यंत्रानं शिपायाच्या खांद्याला टेकणारं लाकूड घडवलं, त्याच यंत्रानं त्याच्या पावलाचं लाकूडही घडवलं.

इंग्लंडात याच्या थोडं आधी आणखी एक प्रयोग झाला होता. 1809 मध्ये कोरुन्याच्या माघारीनंतर स्पेनहून परतलेले सैनिक बंदरावर उतरले तेव्हा कित्येकांचे पाय चिंध्यांत गुंडाळलेले होते. मार्क ब्रुनेल या अभियंत्यानं ते पाहिलं आणि लंडनजवळ बॅटरसीला लष्करी जोड्यांचा कारखाना काढला. तळ शिवण्याऐवजी तो धातूच्या बारीक चुकांनी बसवला जाई, कामाचे लहान लहान टप्पे पाडलेले, आणि यंत्रांवर बसलेले कामगार म्हणजे लढाईत जायबंदी झालेले सैनिक. जोडे चांगले होते. पण 1815 साली वॉटर्लू झालं, युद्ध संपलं, सरकारची मागणी आटली आणि तयार माल पडून राहिला. 1821 मध्ये ब्रुनेलला कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. लष्कराला पुरवठा करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

त्याच वॉटर्लूच्या रणात प्रशियाचा वृद्ध सेनापती ब्ल्यूखर होता. त्याचं नावही एका बुटाला चिकटलं. या बुटात बंदांच्या दोन्ही बाजू व्हँपच्या वर बसवलेल्या असतात, खाली नाही. एका शिवणीचा हा फरक. पण बाजू वर असल्या की बूट तोंडाशी मोकळा उघडतो, सुजलेला पाय आत जातो, आणि अंधारात, घाईत चढवता येतो. बाजू व्हँपच्या खाली असल्या की बूट दिसायला देखणा, पण तोंड घट्ट. पहिला बूट चालण्याचा, दुसरा मेजवानीचा.

मग यंत्रांचा काळ आला. लायमन ब्लेकनं 1858 मध्ये तळ शिवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात यंत्रानं शिवलेले जोडे सैन्याला मिळू लागले. 1870 च्या दशकात ‘गुडइयर वेल्ट’ पद्धत आली. तिची युक्ती समजून घ्या. एक शिवण अपर, इनसोल आणि वेल्ट यांना जोडते. दुसरी शिवण फक्त वेल्ट आणि आउटसोल यांना जोडते. तळ झिजला की दुसरी शिवण उसवायची आणि नवा तळ लावायचा. वरच्या बुटाला हातही लागत नाही. त्या अरुंद पट्टीत बुटाचं पुनर्जन्माचं कलम लिहिलेलं आहे.

शेवटचा किल्ला उरला होता तो चामडं फर्म्यावर ताणून बसवण्याचा. हे काम हाताशिवाय होणारच नाही असं सगळे मानत. एक कुशल कारागीर दिवसाला साधारण 50 जोड करी. सुरिनामहून आलेला यान मात्झेलिगर हा कृष्णवर्णीय तरुण मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी जोड्यांच्या कारखान्यात कामाला होता. कारागिरांची बोटं कशी फिरतात हे तो वर्षानुवर्षं पाहत राहिला. 1883 मध्ये त्यानं या यंत्राचं पेटंट मिळवलं, आणि तेच काम यंत्रावर तिप्पट नि त्याहूनही जास्त होऊ लागलं. 1889 मध्ये, चाळिशीही न गाठता, तो क्षयानं गेला.

या सगळ्यात नावांचं काय? यंत्रं आली तसं काम वाटलं गेलं. एक जण फक्त व्हँप कापणार, दुसरा फक्त काउंटर बसवणार. अशा वेळी प्रत्येक भागाचं नाव पक्कं असावंच लागतं. आणि सैन्य हे सर्वांत मोठं गिऱ्हाईक. ब्रिटिश लष्करात मंजूर वस्तूचा एक नमुना मोहोरबंद करून ठेवत आणि कंत्राटदाराचा माल त्याच्याशी ताडून पाहत. आपल्या संरक्षण खात्यात आजही मोहोरबंद तपशील सांभाळणारा अधिकृत विभाग ठरलेला असतो आणि त्याच्या नावात ‘सील्ड’ हा शब्द टिकून आहे. तपशिलात प्रत्येक भागाचं नाव, साहित्य, जाडी लिहिलेली असते. ‘काउंटर चामड्याचा’ असं लिहिलं असेल आणि आतून पुठ्ठा निघाला, तर माल परत. ‘मजबूत बूट’ एवढंच लिहिलं असतं तर कोणाला धरणार होतात? लपलेल्या भागाला नाव देणं, म्हणजे तिथे चोरी करणं अवघड करणं.

दुरुस्तीतही हेच. पलटणीत ‘ईबीआर’ नावाचा ट्रेड असतो, म्हणजे सामान आणि बूट दुरुस्त करणारा. माझ्या तुकडीत एका जवानाचा तळपाय सारखा दुखायचा. बूट वरून धडधाकट, तळही शाबूत. आमच्या ईबीआरनं बूट दोन्ही हातांनी मधोमध वाकवला, कान लावला आणि म्हणाला, “साहब, तला ठीक है, शँक टूटा है.” शिक्षण बेताचं, पण त्या न दिसणाऱ्या पट्टीचं नाव त्याला ठाऊक होतं, म्हणून दुखण्याचं कारण सापडलं.

आता हे इंग्रजी शब्द त्याच्या तोंडी कुठून आले? बऱ्याच अंशी कानपूरहून. 1857 नंतर इंग्रजांना फौजेसाठी खोगिरं, पट्टे, जीन हे सगळं हिंदुस्थानातच हवं होतं. गंगा-यमुनेच्या दुआबात बाभूळ मुबलक. तिच्या सालीनं कातडं कमावता येतं. कातडी होती, छावणी होती, रेल्वे येत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारे हातही होते. 1860 च्या दशकात तिथे सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी उभी राहिली, आणि 1880 च्या दशकात कूपर अॅलनचा बुटांचा कारखाना. पहिल्या महायुद्धात कानपूरचे बूट फौजांच्या पायांत होते. पुढे 1930 च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसलं. आग्र्यात घराघरांतून जोडे होऊ लागले, आणि तिथल्या कारागिरांची नावंच ‘अपरमॅन’ नि ‘बॉटममॅन’ पडली. एक वरचं शिवणारा, दुसरा तळ बसवणारा. इंग्रजी शब्द, पण बोलणारे बहुतांशी जाटव समाजातले, ज्यांना ती भाषा शाळेत कधी मिळाली नव्हती.

यावरून असं वाटेल, की आपल्याकडे भागांना नावंच नव्हती आणि ती साहेबानं दिली. तसं अजिबात नाही.

पंजाब-राजस्थानातली जुती घ्या. तिचा पुढचा वरचा भाग तो पन्ना, मागचा तो अड्डा, खालचा तो तला. तीन शब्दांत अख्खी जुती. आपली कोल्हापुरी घ्या. खाली तळ, मागे टाच, पावलावरून जाणारा पट्टा, त्यावर शेळीच्या बारीक चामड्याची विणलेली वेणी, अंगठा अडकवायचा तो अंगठा, आणि दोन्ही बाजूंना तळातून वर आलेले ते कान. म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीत खिळा नाही. शिवण चामड्याच्याच वादीनं.

एक गोष्ट पाहा. इंग्रज कारागिरानं बुटाला जीभ दिली, गळा दिला, कंबर दिली, नडगी दिली. शँक म्हणजे नडगीच. आपल्या कारागिरानं चपलेला कान दिले, अंगठा दिला, वेणी घातली. दोघांची कधी भेट नाही, तरी दोघांनाही जोडा हे एक जितं शरीर वाटलं. फरक एवढाच, की बुटाला कान नाहीत कारण त्याला कानांची गरज नाही, आणि कोल्हापुरीला जीभ नाही कारण तिला बंद नाहीत. ज्या भागाचं काम, त्याचं नाव. आणि तळ हा तर दुहेरी शब्द. फौज मुक्काम करते तोही तळच.

‘वहाण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘उपानह्’पासून आलेला, म्हणजे वंशावळ वेदकाळापर्यंत. ‘चांभार’ आला ‘चर्मकार’पासून. 19 व्या शतकात मराठीचा मोठा कोश केला तो मोल्सवर्थ हा मूळचा फौजी अधिकारी होता, याचा माझ्यासारख्याला अभिमान वाटणारच. त्याच्या कोशात चांभाराची आरी आहे, रापी आहे, वादी आहे. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला हे शब्द टिपून घ्यावेसे वाटले.

आणि आपण काय टिपून घेतलं? इंग्रजीनं मोच्याकडून ‘रीव्हँप’ घेतला. सुखवस्तू माणसाला ती टाच धड असलेला म्हणते, दैन्य आलेल्याला टाच झिजलेला. मराठीनं घेतली ती ‘चांभारचौकशी’. नको तिथे नाक खुपसण्याला आपण एका कष्टकरी समाजाचं नाव दिलं आणि ते अजून सहज वापरतो. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण तर वहाणेपेक्षा माणसांसाठीच जास्त वापरली गेली. ढोर समाजानं कातडं कमावलं, चांभार समाजानं ते शिवलं. त्यांच्या कामातून आपल्या बोलण्यात हिणवण्याचे शब्द आले. कामाचे शब्द वस्तीतच राहिले. कान, वेणी, अंगठा हे चपलेचे भाग म्हणून किती शिकलेल्या मराठी माणसांना माहीत आहेत? ज्याच्या हातचं घालून आपण देवळाच्या पायरीपर्यंत जात होतो, त्याला पायरीच्या खाली ठेवलं, आणि त्याच्या शब्दांनाही.

याची किंमत काय, हे जून 2025 मध्ये दिसलं. मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. गदारोळ झाला, आणि प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे कंपनीनं मान्य केलं. हे शक्य झालं, कारण 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. म्हणजे नाव कागदावर होतं म्हणून हक्क सांगता आला. पण त्या दिवसांत टीव्हीवर तासन्‌तास चर्चा झाल्या, त्यांत चप्पल होती, कोल्हापूर होतं, अस्मिता होती. कानांबद्दल, वेणीबद्दल, वादीच्या टाक्याबद्दल बोलायला कारागीर क्वचितच बसवला होता. गावाच्या नावावर आपण हक्क सांगितला. हाताच्या कौशल्याची नावं अजून कागदावर यायची आहेत.

घाई करायला हवी, कारण दुसऱ्या बाजूनं काळ नावं पुसत चालला आहे. लष्करात डीएमएस बूट आले तेव्हा रबराचा तळ साच्यातून थेट अपरला चिकटू लागला. वेल्ट गेली, तळाची दुसरी शिवण गेली, आणि तळ बदलण्याची सोयही गेली. बूट हलका झाला, ओल कमी शिरू लागली. जवानाच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. सियाचीनला 1984 पासून आपले जवान उभे आहेत, त्यांचे बूट दुहेरी असतात, बाहेर कडक कवच आणि आत उबदार बूट. तिथे व्हँपही नाही नि क्वार्टरही. नव्या वस्तूला नवे शब्द मिळतील. पण जुनी वस्तू अजून हातानं होते आहे तोवर तिचे शब्द लिहून ठेवणं आपल्या हातात आहे.

तुम्ही हे इंदूरला ऐकत असाल, बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला किंवा दिल्लीला. तुमच्या रस्त्यावर एखादा जोडे शिवणारा अजून बसत असेल. चप्पल त्याच्या पुढ्यात टाकून मोबाइलमध्ये डोकं घालू नका. त्याला दादा म्हणा, काका म्हणा, आणि विचारा, की या भागाला तुम्ही काय म्हणता? तुमचे वडील काय म्हणायचे? तो जे सांगेल ते त्याच्याच उच्चारात लिहून घ्या, गावाच्या नावासकट, आणि त्याची हरकत नसेल तर त्याच्याही नावासकट. त्याच्या वेळेचे पैसे द्या. पाचशे माणसांनी पाच-पाच शब्द आणले तरी कुठल्याही कोशात नसलेला एक कोश तयार होईल.

आपल्याकडे किल्ल्यांच्या बुरुजांची, दरवाज्यांची, चोरवाटांची नावं पाठ असणारी तरुण मुलं आहेत, आणि त्यांचं कौतुक आहेच. त्या किल्ल्यांवर चढलेल्या पायांत जे होतं, त्याच्या भागांचीही नावं पाठ असावीत, एवढंच मागणं.

जय हिंद.